वसंत ऋतू : रचना, कार्य आणि वाळवण

चैत्र आणि वैशाख हे दोन महिने पंचांगाने वसंताला नेमून दिलेले आहेत. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत हा ऋतू मुख्यतः लग्नपत्रिकांवर आढळतो. किनवट-माहूरच्या रानात पळस फुलतो खरा, पण फाल्गुनात. म्हणजे वसंत रुजू होण्याआधीच फुलांचे काम उरकलेले असते. वसंताकडे उरते ते फक्त ऊन. कोकिळा ओरडते, पण पारा चाळिशीकडे निघाल्यावर कोण ओरडत नाही?

घरात या ऋतूची नोंद गुढीपाडव्याला होते. लिंबाचा कोवळा पाला गूळ-ओवा घालून वाटतात आणि आरोग्यास हितकारक म्हणून मुलांच्या हातावर ठेवतात. मुले तो तितक्याच श्रद्धेने कुंडीत ठेवतात. गुढीला बांधलेली साखरेची गाठी मुलांसाठी असते. गुढी उतरेपर्यंत मुंग्यांना हे कोणी सांगितलेले नसते.

पाडव्याच्या सुमारास घरातील कर्त्या पुरुषाला कूलर आठवतो. पत्र्याचा हा डबा खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर वर्षभर तपश्चर्या करत असतो. जाळ्यांतले जुने गवत काढले की धूळ, एखादे कबुतराचे घरटे आणि मागच्या वर्षी हरवलेला पाना निघतो. बोरच्या पाण्यातले क्षार बसून मोटार अडकलेली असते. ती सुटेपर्यंत तिला ठोकतात, सुटली नाही की नवी आणतात. एवढ्या कामाला एक आख्खा रविवार आणि घरातील सर्वांची उपस्थिती लागते. कूलरची हवा गार होते ती पाणी वाफ होऊन उडाल्यामुळे. म्हणून मराठवाड्याच्या कोरड्या उन्हात तो राजा. अवकाळी पाऊस येऊन गेला की हवेत आधीच ओल असते आणि हाच राजा दमट वारा फेकत बसतो.

त्याला पाणी किती लागते हा प्रश्न घरात काढला जात नाही. नळाच्या दिवशी भांडी, पिंप, टाकी या क्रमाने भरणे हे गृहिणीचे काम, आणि त्यातले कूलरला किती द्यायचे हा सोफ्यावरून घ्यायचा निर्णय. लातूरला हे गणित 2016 साली नीट कळले. धनेगावचा मांजरा प्रकल्प कोरडा पडला होता. पाणी भरण्याच्या जागी पाचपेक्षा जास्त माणसे जमू नयेत म्हणून त्या मार्चमध्ये जमावबंदी लागली. घागरींच्या रांगेला मात्र कायदा माहीत नव्हता. पाडवा 8 एप्रिलला झाला आणि 12 एप्रिलला मिरजेहून रेल्वेने पाणी आले. पहिल्या फेरीत दहा वाघिणी, साधारण पाच लाख लिटर. वसंताचे असे स्वागत क्वचितच कुठल्या शहराने केले असेल.

या ऋतूचा खरा उद्योग गच्चीवर चालतो. पूर्वी तो माळवदावर चाले. कुरडईसाठी गहू तीन दिवस भिजवतात, रोज पाणी बदलतात, मग वाटून-पिळून चीक काढतात आणि रात्रभर निवळायला ठेवतात. पहाटे वरचे पाणी ओतून द्यायचे, उकळत्या आधणात मीठ-हिंग टाकून चीक वैरायचा आणि तो घट्ट होईपर्यंत लाकडी दांड्याने हाटायचा. गुठळी झाली की सासूला कळते, न पाहता. वाटीभर गरम चीक साखर-दूध घालून खाणे हे या ऋतूचे निर्विवाद सुख; त्या वेळी घरातले पुरुष न उठवता जागे होतात. मग शेजारणी जमतात, सोऱ्या हातोहात फिरतो, आणि ऊन तापायच्या आत जुन्या साडीवर पांढऱ्या चकत्यांच्या रांगा लागतात. राखणीला बसवलेला नातू अर्धी ओली कुरडई खातो. हा त्याचा मेहनताना धरला जातो.

चारच्या सुमारास आभाळ येते. वावटळ आधी पालापाचोळा आणते, मग थेंब. सगळी गल्ली गच्चीवर धावते. गारपिटीने शेत झोडपले तर निदान पंचनाम्याची मागणी तरी करता येते (2014च्या फेब्रुवारी-मार्चच्या गारपिटीत मराठवाड्याने ते सगळे पाहिले). वाळवणाच्या पंचनाम्याला तलाठी गच्चीवर चढत नाही. भिजलेल्या कुरडया काळ्या पडतात आणि 'तरी मी म्हणत होतो' हे वाक्य खाली कूलरसमोरून ऐकू येते.

डॉक्टर व्हायचे असलेल्या मुलाच्या घरी वसंत मे महिन्यातल्या नीट परीक्षेपर्यंत स्थगित असतो. लातूर पॅटर्नमध्ये कोकिळेला जीवशास्त्रात तेवढी जागा आहे.

परीक्षा संपल्या की लग्ने, आणि लग्नांबरोबर पाहुणे. आमरस होतो, रात्री गच्चीवर अंथरुणे पडतात, वीज गेल्याने पाण्याची मोटार बंद राहते आणि गप्पा मात्र चालू. पुण्याहून आलेली नणंद निघताना 'तिकडे असल्या मिळत नाहीत' एवढेच म्हणते. तिच्या पिशवीत कुरडयांचा मोठा डबा आपोआप जातो. दुसरा डबा हैदराबादच्या दिराकडे. वर्षभरासाठी घातलेले वाळवण मृगाच्या आधीच तळाला लागते आणि घालणारीच्या वाट्याला चुरा येतो. तो भिजवून, कांदा-मिरची घालून परतला की चांगली भाजी होते.