चकलीची बाजू

ग्लेनको, स्कॉटलंड
नोव्हेंबर

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस शि. सा. न. वि. वि.

आईच्या चकल्या मऊ पडल्या यात भाजणीचा काहीही दोष नाही. हे सगळ्यात आधी लिहिते, कारण तुमचे जावई फोनवर "चकल्या जरा नरम लागतायत" एवढंच म्हणाले आणि आईने मोहनापासून तळणीच्या आचेपर्यंत स्वतःची चौकशी सुरू केली. बाबांनी तर फोन ओढून घेऊन निकालच दिला : "छप्पर गळतंय. डांबर ओता." बाबा, छप्पर फायबरचं आहे आणि ते गळत नाही. तुम्ही पुराव्याशिवाय ऐकणार नाही, म्हणून पत्र लांबणार. चहा घेऊन बसा.

आधी जागा सांगते. मोटरहोम म्हणजे चाकांवरची दीड खोली. मागे आडवा पलंग आणि पलंगाखाली सामानाचा मोठा कप्पा. त्याला दार बाहेरून. इथे त्याला गॅरेज म्हणतात. त्यात घडीच्या खुर्च्या, पाण्याचा पाइप, विजेची लांबलचक केबल, पोरांचे चिखलाचे बूट आणि गुहागरहून आलेला फराळ. फराळ तिथे, कारण स्वयंपाकाच्या कपाटात जावईबापूंचं कॉफीचं यंत्र पाय पसरून बसलंय.

थंडीच्या सकाळी हे दार उघडलं की आतून सगळं डबडबलेलं. पण नीट पाहिलं तर पाणी सगळीकडे सारखं नसतं. दाराच्या अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीवर आणि स्क्रूंच्या डोक्यांवर थेंब आधी धरतात. भिंतीत फोम आहे तिथे हात फिरवला तर कोरडं. गळणारं पाणी असं स्क्रू निवडून बसत नाही. धातूतून बाहेरची थंडी थेट आत येते आणि जिथे थंडी तिथे थेंब. शिवाय वादळी पावसाच्या पण जरा उबदार रात्रीनंतर गॅरेज बऱ्यापैकी कोरडं, आणि आभाळ स्वच्छ, बाहेर दहिवर गोठलेलं अशा रात्रीनंतर आत पाणीच पाणी. छप्पर गळत असतं तर उलट झालं असतं ना?

तरी बाबांचं समाधान व्हावं म्हणून आणखी एक परीक्षा केली. भिंत पुसून कोरडी केली आणि तिच्यावर पोळ्या गुंडाळायच्या चंदेरी कागदाचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून ठेवला. पाणी कागदाखाली आलं तर ते भिंतीतून आलेलं, कागदावर आलं तर हवेतून. आमच्या कागदावर थेंब, खाली खडखडीत कोरडं. छप्पर निर्दोष सुटलं.

मग पाणी आणतं कोण? आम्हीच! चार माणसं रात्रभर झोपली की श्वासातून आणि अंगावरून मिळून लिटरभराच्या आसपास पाणी हवेत जातं. आमच्या चिरंजीवांचं घोरणं ऐकलंत तर त्यांचा वाटा थोडा जास्त धराल. त्यात गॅसची शेगडी. एक किलो प्रोपेन जळला की सुमारे १.६ किलो पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. एक किलोतून दीड किलोच्या वर कसं, हा बाबांचा प्रश्न मला इथूनच ऐकू येतोय. जळताना हवेतला ऑक्सिजन त्यात मिळतो, म्हणून. त्यावर कुकरच्या शिट्ट्या, सकाळचा चहा, आणि डोंगरावरून निथळत आलेले रेनकोट.

आता हवेचं गणित. २० अंशांची एक घनमीटर हवा जास्तीत जास्त १७ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात धरते. तीच हवा ५ अंशांवर आली की तिच्यात जेमतेम ७ ग्रॅम मावतं. उरलेलं जाणार कुठे? पलंगाखालच्या फटींतून आमची ऊबदार, दमट हवा गॅरेजमध्ये उतरते, गार पत्र्याला टेकते आणि जास्तीचं पाणी तिथेच सोडते. आई, मोदकपात्राच्या झाकणाला तू फडकं बांधतेस ते कशासाठी? आमचं गॅरेज म्हणजे ते झाकण, आणि खाली उकडणारे मोदक आम्ही. काही गाड्यांत गॅरेजला आतून गालिच्यासारखं कापड लावलेलं असतं, तेही या फडक्यासारखं पाणी पिऊन घेतं. पण ते काढून पिळून वाळत घालता येत नाही. पाणी दिसेनासं होतं आणि महिन्याभराने कुबट वास सुटतो.

तुमच्या जावयांनी या प्रश्नावर मनापासून काम केलं आहे. हीटरच्या गरम हवेची एक नळी गॅरेजमध्ये सोडलेली आहे, "सामानाला कसली ऊब हवी?" म्हणून त्यांनी ती बंद केली. त्यामुळे पत्रा अजून गार आणि पाणी अजून जास्त. मग गॅसच्या सिलिंडरच्या कप्प्यात खाली भोक दिसलं. त्यातून गार वारा येतो म्हणून त्यात जुना पंचा कोंबला. शेजारच्या गाडीतले सत्तरीचे स्कॉटिश आजोबा ते पाहत होते. ते उठले, पंचा उपसला, घडी घालून जावईबापूंच्या हातात दिला आणि पुन्हा जाऊन बसले. प्रोपेन हवेपेक्षा जड असतो. गळला तर खाली साचतो आणि त्या भोकातून बाहेर पडतो, म्हणून ते भोक ठेवलेलं. ओलीने बुरशी येईल, पण साचलेल्या गॅसने गाडीच उडेल. ती भोकं कधीही बुजवायची नाहीत, एवढं आता घरात सर्वांना पाठ आहे. धाकटीने तर त्याची आरतीच केली आहे.

पुढचा उपाय बाजारातला. कॅल्शियम क्लोराइडचे खडे भरलेला डबा मिळतो. खडे हवेतलं पाणी ओढतात आणि खाली खारट पाणी साठतं. बंद कपाटात तो थोडंफार काम करतो. पण खिडकी उघडी ठेवून हा डबा मांडला, तर तो अख्खं स्कॉटलंड सुकवायला बसतो. शिवाय वळणावर कलंडला की ते पाणी लोखंडाला गंज चढवतं.

शेवटी गुण आला तो साध्या गोष्टींनी. गरम हवेची नळी उघडली. गॅरेजच्या तळाला लाकडी पट्ट्यांची जाळी घातली आणि सामान भिंतीपासून चार बोटं लांब ठेवलं, म्हणजे मागून-खालून हवा फिरते. उघड्या धातूवर रबरासारखा फोम दाबून चिकटवला; मागे पोकळी राहिली तर पाणी तिथे लपून धरतं, म्हणून अगदी घट्ट. ओले रेनकोट गॅरेजमध्ये टाकायला बंदी. आणि स्वयंपाक करताना पातेल्यावर झाकण, छताची खिडकी उघडी. रात्रीही ती दोन बोटं उघडीच.

इथे बाबा म्हणणार, "बाहेर धुकं, पाऊस, आणि खिडकी उघडता? अक्कल कुठे गेली?" बाबा, या मुद्द्यापाशीच गुहागर आणि ग्लेनको वेगळे होतात. जुलैत तुमच्याकडे २७ अंश आणि ९० टक्के आर्द्रता असली तर घनमीटरभर हवेत साधारण २३ ग्रॅम पाणी असतं. इथे २ अंशांच्या धुक्यात आर्द्रता तेवढीच, ९० टक्के, पण पाणी जेमतेम ५ ग्रॅम! ती हवा आत येऊन १८ अंशांना तापली की तिची आर्द्रता तिसऱ्या हिश्शावर येते. अंगाला ओलीगच्च वाटणारी ही हवा खरं तर कोरडी असते. आत येते, आमची वाफ उचलते आणि निघून जाते. तुमच्याकडे ओल बाहेरून घरात शिरते, म्हणून आगोटीची बेगमी डब्यात घट्ट बंद करायची. आमच्याकडे ती आतच जन्मते, म्हणून उघडायचं.

गाडी हिवाळाभर ग्लासगोला दारात उभी राहील तेव्हा गाद्या उभ्या करून आणि सगळी कपाटं उघडी टाकून आत ओल शोषणारं यंत्र लावणार आहोत. ती यंत्रं दोन जातींची. कॉम्प्रेसरचं यंत्र थंडीत मंदावतं. ओल शोषणाऱ्या खनिजाचं चाक फिरतं ते गारठ्यातही चालतं. आपल्याला दुसरं हवं. यंत्र चालू असताना खिडक्या बंद, गॅसची भोकं मात्र तशीच उघडी.

फराळ आता झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात, स्वयंपाकाच्या कपाटात आहे. कॉफीचं यंत्र गॅरेजमध्ये गेलं. जावईबापू नाराज आहेत, पण चकल्या खातात.

बाबा, एक हात जोडून विनंती. हे पत्र वाचून तुम्ही उत्साहाने आषाढात कोठीच्या खोलीची खिडकी उघडाल, ती उघडू नका. हा उपाय थंड मुलखाचा आहे. तुमच्या पावसाळ्यात आईचंच खरं : दार बंद, झाकण घट्ट.

तुमची,
थोरली