डोकं छताबाहेर

दुधनीला लोक मधुबन धरणाचं पाणी बघायला येतात, शिकारा होडीत बसून फोटो काढतात. मी जेटीच्या वर उभ्या केलेल्या गाड्या बघतो. रविवारी तिथे जीजे-१५ असते, जीजे-०५ असते, ठाण्याची एमएच-०४ असते. आपली घरची डीएन-०९ही असते. २०२० मध्ये दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव एक झाल्यानंतर इथल्या नव्या गाड्यांना डीडी-०१ मिळायला लागलं. नंबर कुठलाही असो, छताला खिडकी हवीच, आणि त्या खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर आलेलं एक पोरगंही हवंच.

सनरूफ हा थंड देशांतला शौक. तिकडे ऊन दिसलं की साजरं करतात. आपल्याकडे मे महिन्यात त्या काचेखालचा पडदा ओढून, एसी चारवर ठेवून, वर टॉवेल अडकवायचा बाकी असतो. मग लाखभर जास्त मोजून उपयोग काय? पोरगं उभं करायला. खानवेल सुटलं की रस्ता वळणावळणाचा, आणि वळणापलीकडे शेळ्या असतात, डोक्यावर मोळी घेतलेली बाई असते. ब्रेक दाबला की गाडी थांबते. पोरगं थांबेलच असं नाही.

मुंबईहून इकडे येताना चारोटी लागतं. ४ सप्टेंबर २०२२ ला तिथल्या सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री अपघातात गेले. गाडी मर्सिडीज, ते मागच्या सीटवर, बेल्ट लावलेला नव्हता. त्यानंतर काही दिवस अख्खा देश मागे बसून बेल्ट शोधत होता. कुणाला सीटकव्हरखाली सापडला, कुणाला नाही. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन दुकानांना दम दिला, कारण तिथे बेल्टची नुसती क्लिप विकायला होती. ती खाचेत घातली की गाडीची टुणटुण बंद. अशा १३,११८ जाहिराती उतरवाव्या लागल्या. गाडी आपला जीव वाचवायला ओरडते, आणि आपण तिचं तोंड बंद करायला पैसे मोजतो. वर सेल्समनला विचारतो, “एअरबॅग सहा आहेत ना?” बेल्ट नसेल तर ती एअरबॅग वाचवण्याऐवजी थोबाडीतही देऊ शकते, हे ब्रोशरमध्ये मोठ्या अक्षरात छापत नाहीत.

शोरूममधला दुसरा प्रश्न, “स्क्रीन केवढी?” पंख्याचा वेग वाढवायला पूर्वी एक खटका होता, न बघता हात जायचा. आता तीन पडदे उलगडा, मग बोट नेमकं खड्ड्यात हुकतं आणि ‘बाहेरची हवा बंद’ होते. युरोपात गाड्या आपटून तारे वाटणाऱ्या युरो एनकॅपने सांगितलंय की २०२६ पासून पूर्ण गुण हवे असतील तर इंडिकेटर, हजार्ड, वायपर, हॉर्न आणि मदतीची हाक यांना खरे खटके द्या. आपल्याकडे हजार्डचा खटका शाबूत आहे, आणि पावसाळ्यात त्याचा वापर बघवत नाही. सर आली की चारही दिवे लावून चालत्या गाड्यांची वरात निघते. मागच्याने ओळखायचं, हा वळणार आहे की नुसता घाबरलाय?

खटक्यांसारखीच स्टेपनीही गायब होतेय. २०२० च्या नियमाने ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चरचं किट असेल तर स्टेपनी नसली तरी चालते. खिळ्याला किट चालतं. दगडाने टायर बाजूने फाटला तर त्या किटचा उपयोग हात चिकट करून घेण्यापुरता.

थारचं तर बोलायलाच नको. २०२३ पासून ती नुसत्या मागच्या चाकांवर चालणारीही मिळते. बाहेरून रुबाब तोच. चिखलात उतरेपर्यंत कुणाला कळत नाही, आणि उतरतं कोण?

म्हणून मी काही जुन्या पद्मिनी गाडीची आरती ओवाळणार नाही. ती घाटात तापायची, बॉनेट उघडून तिच्यापुढे पाणी घेऊन उभं राहावं लागायचं. आजची कुठलीही गाडी तिच्यापेक्षा सुरक्षित आहे. फक्त पद्मिनी हाकणाऱ्याला एक गोष्ट पाठ होती: ज्या गिअरमध्ये चढ चढलास त्याच गिअरमध्ये उतर. आता स्टिअरिंगमागे गिअर बदलायची पॅडलं असतात आणि मालकाला ती वायपरची वाटतात. तो पाय ब्रेकवर ठेवूनच खाली येतो.

परवा अशीच एक पांढरी एसयूव्ही उतारावरून आली, चाकांतून जळका वास सोडत. मागून इको व्हॅन, दुसऱ्या गिअरमध्ये घुमत, आत माणसं किती ते मोजू नये. इकोवाल्याने शेजारी गाडी लावली, खाली उतरून चाकाकडे वाकला आणि म्हणाला, “शेठ, ब्रेक जळतायत. उतारावर दुसऱ्यात घाला.”

शेठ काच अर्धीच खाली करून म्हणाले, “ऑटोमॅटिक आहे रे.”

“मग तिलाच सांगा,” म्हणाला आणि उतारू मोजायला लागला.