दाभोळचा न्याय, अठरा लाखांत

दाभोळ वीज कंपनीचा तंटा १९९५ मध्ये थेट लंडनच्या लवादापुढे गेला. (प्रकल्प खाडीपलीकडे; दाभोळच्या वाट्याला फक्त नाव.) दाभोळकराला मात्र बांधाच्या भांडणासाठीही दापोलीची एसटी धरावी लागते. गावाजवळ न्याय नेणारा ग्रामन्यायालय कायदा २००८चा. केंद्राची एकरकमी मदत १८ लाख: इमारतीला १०, गाडीला ५, कचेरीच्या सामानाला ३. चालू खर्चाचा निम्मा वाटा वर्षाला फार तर ३ लाख २० हजार, तोही पहिली तीनच वर्षं. पुढे राज्याने पाहून घ्यावं. दहा लाखांत चिऱ्याचं कोर्ट कसं उभं राहतं, ते कोकणातल्या गवंड्याला विचारा. पक्षकाराचा बुडालेला रोज आणि नुसती तारीख घेऊन परतण्याचं भाडं कुठल्याच अंदाजपत्रकात नसतं. म्हणूनच सरकारला लांबचं कोर्ट स्वस्त पडतं.