सिस्टीमवाला

साखर कारखान्याच्या फोन-सर्व्हरमधून मेल बाहेर पाठवून दाखवणारा इसम म्हणजे सिस्टीमवाला. नगर जिल्ह्यात (कागदोपत्री आता अहिल्यानगर, तोंडात अजून नगरच) तो भरपूर सापडतो. प्रवरानगरला १९५० च्या सुमारास सहकारी साखर कारखाना उभा राहिला, आणि पुढे जिल्ह्यात कारखाने, दूध संघ, पतसंस्था यांचं पीक दांडगं आलं; त्या प्रत्येकाला फोन लागतो. सिस्टीमवाल्याचं मूळ बहुधा टेलिफोनच्या वायरी ओढण्यात असतं. मोटरसायकल, पाठीला सॅक, सॅकमध्ये क्रिम्पिंग टूल आणि खिशात एक डायरी. डायरीत तालुक्यातल्या निम्म्या संस्थांचे पासवर्ड असल्यामुळे त्याचं बिल सहसा अडत नाही.

काम तसं साधं दिसतं. शेतकी ऑफिस बंद असताना आलेला फोन व्हॉइसमेलवर जावा आणि सभासदाचं बोलणं साहेबांच्या मेलवर पडावं. सर्व्हरवर असतं टेलिफोन एक्स्चेंजचं काम करणारं सॉफ्टवेअर, अ‍ॅस्टेरिस्क. बाजारातलं एक्स्चेंज परवडत नाही म्हणून मार्क स्पेन्सर या अमेरिकी तरुणाने १९९९ साली ते स्वतःच लिहून काढलं. ते फुकट मिळतं, ही गोष्ट कोटेशनमध्ये येत नाही.

अ‍ॅस्टेरिस्क स्वतः मेल पोहोचवत नाही. रेकॉर्डिंग पोस्टफिक्स या मेल पोहोचवणाऱ्या प्रोग्रॅमच्या हवाली करतं, आणि पोस्टफिक्स २५ नंबरच्या पोर्टने थेट गुगलच्या दारात जाऊन उभं राहतं. पाठवणाऱ्याच्या जागी ‘रूट अ‍ॅट लोकलहोस्ट’. ना गाव, ना पत्ता. असल्या पाहुण्याला गुगल उंबऱ्याच्या आत घेत नाही. बऱ्याचदा तर इंटरनेटवाल्यानेच २५ नंबर आधी बंद करून ठेवलेला असतो.

अशा वेळी लॉग वाचावा, असं शास्त्र आहे. नकाराचं कारण त्यात लिहिलेलं असतं. सिस्टीमवाला लॉग सगळ्यात शेवटी वाचतो. आधी सर्व्हर बंद-चालू करतो, मग राउटर, मग नेटवाल्याला फोन लावून स्पीकरवर ठेवतो, म्हणजे दोष कुणाचा ते साहेबांच्या कानावर परस्पर पडतं. ‘आपल्याकडून मेल गेलाय, साहेब’ हे त्याचं ठेवणीतलं वाक्य. ते खोटंही नसतं. मेल रांगेपर्यंत गेलेला असतो, आणि दुसरं काही सांगितलेलं नसेल तर पोस्टफिक्स त्याला तिथे ५ दिवस बसवून ठेवतं.

दुसऱ्या चहानंतर मार्ग सापडतो: कारखान्याच्या जीमेल खात्यामार्फत, ५८७ पोर्टने मेल पाठवायचा. खात्याचा नेहमीचा पासवर्ड इथे चालत नाही. मे २०२२ च्या अखेरीस गुगलने ती वाट बुजवली. दुहेरी पडताळणी चालू करून १६ अक्षरांचा अ‍ॅप पासवर्ड काढावा लागतो. पडताळणीचा ओटीपी येतो साहेबांच्या मोबाइलवर आणि साहेब गेलेले असतात लग्नाला. मोबाइल ड्रायव्हरकडे, ड्रायव्हर पंगतीत. जिलबी आटोपून तो आकडे वाचून दाखवतो, तोवर त्यांची मुदत संपलेली असते.

एवढं झाल्यावर मेल येतो. तो इंग्रजीत असतो आणि खाली सही ‘अ‍ॅस्टेरिस्क’. ‘हा कोण नवीन भरलाय?’ असं साहेब विचारतात. सर्व्हरचं घड्याळ ग्रिनिचच्या वेळेवर राहून गेल्याने सकाळी आठचा फोन मेलमध्ये पहाटे अडीचचा दिसतो. याचं मात्र कुणाला नवल वाटत नाही. शेतीला रात्रीची लाइट आहे, दारं धरायला उठला असेल बिचारा. रेकॉर्डिंगमध्ये बहुतेकदा ‘हॅलो... हॅलो... कोण बोलतंय?’ एवढंच, मागे मोटरीचा आवाज. बीप वाजल्यावर यंत्रापाशी गाऱ्हाणं मांडायचं, हे सभासदाला मुळात मान्यच नाही. ज्याला उसाला तोड हवी असते तो सरळ तोडीच्या चिठ्ठ्या वाटणाऱ्या चिटबॉयचं घर गाठतो.

यानंतर सिस्टीमवाला वार्षिक देखभालीच्या कागदावर साहेबांची सही घेतो. देखभालीची गरज पडतेच. साहेबांचे चिरंजीव कधीतरी जीमेलचा पासवर्ड बदलतात, त्याबरोबर गुगल अ‍ॅप पासवर्डही रद्द करतं आणि मेल थांबतात. मेल थांबल्याची सूचनाही मेलनेच यायची असल्याने गळीत हंगाम उरकेपर्यंत ते कुणाच्या लक्षात येत नाही.