‘कशी वाटली वेबसाइट?’ : नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

समजा, कोल्हापुरात तुमचं चपलांचं दुकान आहे. जुनी वेबसाइट मोबाइलवर उघडली की अर्धी पडद्याबाहेर जायची, म्हणून तुम्ही मेहुणीच्या मुलाला कामाला लावलंत. दसऱ्याला देतो म्हणाला, पाडव्याला दिली. आता चार लोकांना दाखवून त्यांची मतं घ्यायची. हे काम वाटतं तितकं सोपं नाही. जरा हलगर्जीपणा झाला तर एखादा माणूस खरोखरच मत देऊन बसतो.

सगळं प्रश्नावर अवलंबून आहे. ‘नवी वेबसाइट केली आहे, कशी वाटली कळवा’ एवढंच लिहून लिंक घरच्यांच्या, शाळेतल्या मित्रांच्या आणि व्यापारी मंडळाच्या ग्रुपवर टाकावी. दहा मिनिटांत अंगठे येतात. आत्या लिंक न उघडताच ‘खूपच छान, अशीच प्रगती होवो’ लिहिते. कुणीतरी ‘लोगो थोडा मोठा हवा होता’ म्हणतो. तो लगेच मोठा करावा, म्हणजे आपण लोकांचं ऐकतो असं समाधान मिळतं. ‘माउसला हात न लावता आठ नंबरचा एक जोड मागवून बघा आणि कुठं अडलात तेवढं सांगा’ असं मात्र चुकूनही विचारू नये. त्याला उत्तर येतं.

माणसंही पारखून घ्यावीत. तरुण, नवा फोन, घरी वायफाय, डोळे शाबूत. शेजारच्या निवृत्त मास्तरांना विचारू नये. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे आणि ते पहिल्याच पानावर म्हणतील, ‘अरे, अक्षरं कुठायत?’ अक्षरं आहेत, पण पोरानं ती पांढऱ्यावर करड्या रंगात ठेवली आहेत, कारण तसं ‘क्लासी’ दिसतं. रंगाचा क्रमांक ९९९९९९. पांढऱ्याशी त्याचा कॉन्ट्रास्ट भरतो २.८५ला एक. डब्ल्यूसीएजी नावाचे जे जागतिक निकष आहेत, त्यांच्या एए पातळीला साध्या मजकुरासाठी किमान ४.५ला एक लागतो. धीर सोडू नका, तुम्ही एकटे नाही. वेबएम ही संस्था दरवर्षी दहा लाख साइटांची पहिली पानं यंत्रानं तपासते. २०२५मध्ये त्यांतल्या ९४.८ टक्के पानांत दोष निघाले आणि सगळ्यांत जास्त आढळलेला दोष फिक्या अक्षरांचाच होता.

तरीही मन खात असेल तर क्रोममध्येच असलेलं लाइटहाउस हे साइट तपासणारं यंत्र चालवावं. अ‍ॅक्सेसिबिलिटीपुढं १००चं हिरवं वर्तुळ आलं की स्क्रीनशॉट काढून तो ग्रुपवर टाकावा. खाली ‘या गोष्टी माणसानं हातानं तपासाव्यात’ अशी यादी तेच यंत्र देतं, ती स्क्रीनशॉटमध्ये येऊ देऊ नये. मानुएल माटुझोविच या ऑस्ट्रियन डेव्हलपरनं २०१९मध्ये मुद्दाम कुणालाच वापरता येऊ नये असं एक पान बनवलं आणि त्यालाही लाइटहाउसचे शंभर गुण मिळवून दाखवले. फोटोला वर्णन जोडलंय की नाही हे यंत्राला कळतं, वर्णनात काय लिहिलंय ते त्याला कुठलं कळायला!

ते कळतं गिऱ्हाइकाला. एक अंध गिऱ्हाईक तुमच्या साइटवर आलं असं धरू. कॉम्प्युटरवर एनव्हीडीए, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारं मोफत सॉफ्टवेअर, स्क्रीन रीडर. त्यांना कापशी चप्पल हवी आहे, कर्रकर्र वाजणारी. पोरानं साचा इंग्रजी साइटचा उचलला आणि कोडच्या पहिल्या ओळीत भाषा इंग्रजीच राहू दिली, त्यामुळं वाचणारा आवाज इंग्रजी. असे काही आवाज देवनागरी मजकूर सरळ गाळतात. मग फोटो येतो आणि यंत्र म्हणतं, ‘ग्राफिक, आयएमजी अंडरस्कोअर चार पाच तीन दोन’. चामड्याच्या रंगांचे गोल नुसते रंगवलेले आहेत, त्यांना नाव नाही. दरपत्रक छापखान्यातून आलेलं जेपीजी, म्हणजे पुन्हा ग्राफिक. शेवटी ‘पिशवीत टाका’. ते दिसतं बटणासारखं, पण कोडमध्ये ते बटण नाही, नुसता डिव्ह, म्हणजे बिननावाचा डबा आहे. टॅब दाबला की कीबोर्ड त्याच्यावरून उडी मारून थेट तळाच्या ‘आमच्याविषयी’वर जातो. जोड कर्रकर्र वाजतो का, हे तर कुठंच लिहिलेलं नाही. मला विचाराल तर डोळस माणसालाही चप्पल घेताना पहिलं तेच विचारायचं असतं.

कोडविषयी मत मागताना सगळा प्रकल्प झिप करून एखाद्या जाणकाराला पाठवावा आणि ‘सवडीनं बघा’ म्हणावं. ती सवड कधीच होत नाही. फक्त ऑर्डरच्या फॉर्मची एक फाइल पाठवली तर तो चहा पिता पिता वाचेल आणि विचारेल, की रकान्यांना लेबल का नाहीत? ‘पिनकोड’ हा शब्द रकान्याच्या आतच फिक्या अक्षरांत आहे आणि टाइप करायला लागलं की गायब होतो. फोकसची चौकट कुठं गेली? यावर पोरगं म्हणेल, ‘काका, ती निळी चौकट लई घाण दिसत होती, काढून टाकली.’ त्या चौकटीशिवाय कीबोर्ड वापरणाऱ्याला आपण पानावर कुठं आहोत हेच समजत नाही. डब्ल्यूथ्रीसी या वेबचे निकष ठरवणाऱ्या संस्थेचा, कोड तपासणारा फुकटचा व्हॅलिडेटर तर चुका ओळींच्या क्रमांकासकट दाखवतो, त्यामुळं त्याच्या वाटेलाच जाऊ नये.

एवढं करूनही कुणी नेमकं बोट ठेवलंच, तर उत्तरं तयार असावीत. ‘आमच्याकडं अंध गिऱ्हाइकं येतच नाहीत.’ (२०११च्या जनगणनेत दृष्टिदोष असलेल्यांची नोंद पन्नास लाखांवर आहे, तुमच्या साइटवर ती कशानं येतील?) ‘आम्ही कोपऱ्यात ते निळ्या माणसाचं विजेट लावलंय.’ अशाच एका विजेटची कंपनी, अ‍ॅक्सेसिबी. आपलं उत्पादन कुठलीही साइट निकषात बसवतं, या दाव्यापायी अमेरिकेच्या व्यापार आयोगानं २०२५मध्ये तिला दहा लाख डॉलर भरायला लावले. ‘कायदा फक्त सरकारी साइटांना आहे.’ दिव्यांग हक्क कायदा २०१६चा. त्याचं कलम ४६ सेवा देणाऱ्यांविषयी बोलताना सरकारी आणि खासगी असे दोन्ही शब्द वापरतं. आणि ३० एप्रिल २०२५ला सर्वोच्च न्यायालयानं डिजिटल सेवा वापरता येणं हा अनुच्छेद २१मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. हे उत्तर फार ताणू नये.

आता ज्यांना वरचं काहीच जमणार नाही त्यांच्यासाठी. आज दुकान बंद केल्यावर माउस काढून ठेवा आणि आपल्याच साइटवरून एक जोड मागवा. टॅब, शिफ्ट-टॅब, एंटर, स्पेस आणि बाणांच्या कळा एवढ्यावर फिरता येतं. जिथं अडाल ते कागदावर लिहून पोराला द्या. मग स्क्रीन रीडर रोज वापरणाऱ्या एखाद्याला तासभर बसवून हेच करायला सांगा, मध्ये बोलू नका, आणि तासाचे पैसे द्या. सीएला देता तसे, रोख. चपलांचा जोड भेट देऊन भागवू नका.