यीस्ट आपल्या भावकीतलं

"बाई, सदाफुली राखा हो तुमची. कोपऱ्यावरचे आप्पा रोज पहाटे पानं ओरबाडून नेतात. साखरेवर चावून खातात म्हणे."

वहिनी कुंपणाला टेकल्या होत्या. हातात मेथीची जुडी आणि ताटली. म्हणजे मुक्काम लांबणार. मीही आतला गॅस बारीक करून आले.

"त्यांना सांगा, खाऊ नका म्हणावं," मी म्हटलं. "त्या पानांत विष असतं."

"विष? मग सुनेनंच सांगितलं असणार, चावा म्हणून."

"सून कशाला? मोठमोठे डॉक्टरही त्याच आशेनं सदाफुलीच्या मागं लागले होते. कॅनडात १९५० च्या दशकात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बिअर यांनी मधुमेहाचं औषध म्हणूनच ती तपासली. उंदरांची साखर काही हलली नाही, पण रक्तातल्या पांढऱ्या पेशी भराभरा घटल्या. त्यातून विनब्लास्टिन निघालं, पाठोपाठ विनक्रिस्टिन. लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवर ते आजही शिरेतून देतात. कित्येक क्विंटल वाळक्या पानांतून जेमतेम एखादा ग्रॅम माल मिळतो."

"म्हणजे आप्पांनी सगळं कुंपण खाल्लं तरी गुण नाही."

"गुण नाही, पोटात ढवळेल ते वेगळं."

वहिनींनी मेथीचं एक पान चिमटीत धरून उलटसुलट पाहिलं. "पण ते औषध करतं काय नेमकं?"

"वाटणी अडवतं. पेशी दुभंगायची वेळ आली की आत बारीक बारीक नळ्या उभ्या राहतात, मायक्रोट्यूब्यूल म्हणतात त्यांना. जाडी २५ नॅनोमीटर. तुमच्या एका केसाच्या रुंदीत हजारो शेजारी शेजारी मावतील. गुणसूत्रांची प्रत निघालेली असते, त्यातली एक प्रत इकडं, एक तिकडं अशी त्या नळ्या ओढून नेतात. नळी बनते ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाची. सदाफुलीचं औषध त्या ट्युब्युलिनलाच चिकटून बसतं, नळी बांधूच देत नाही. वाटणी झाली नाही की पेशी अडकून मरते. कॅन्सरची पेशी सारखी दुभंगत असते, म्हणून ती आधी सापडते."

"म्हणून केस गळतात होय?"

"केसांच्या मुळाशीही तसंच भराभर दुभंगणं चालू असतं. ती मंडळी विनाकारण भरडली जातात. आणि तासगावला तुमच्या भावाच्या बागेत बाविस्टिन मारायचे ना? त्यातलं कार्बेंडाझिम बुरशीच्या ह्याच नळ्या मोडतं."

वहिनींचा हात थांबला. "आणि द्राक्षं खाणाऱ्याच्या?"

"बुरशीच्या ट्युब्युलिनला ते घट्ट धरतं, आपल्याला कमी. प्रथिन तेच, घडण थोडी वेगळी. तरी औषध फवारल्यावर किती दिवस थांबायचं हे नियम आहेत ते उगीच नाहीत. प्रयोगशाळेत यीस्टच्या नळ्या मोडून बघायच्या असल्या की शास्त्रज्ञही हेच कार्बेंडाझिम वापरतात."

"यीस्ट म्हणजे पावातलं?"

"पावातलं वेगळं, त्याला कोंब फुटतो. हे दुसरं, पूर्व आफ्रिकेतल्या बिअरमध्ये सापडलेलं. लांबुळकं असतं. दोन्ही टोकांनी वाढतं, साधारण १४ मायक्रॉन लांब झालं, म्हणजे मिलिमीटरच्या सत्तराव्या भागाएवढं, की बरोबर मधोमध पडदा घालून दोन होतं. ह्याला मध्य कसा कळतो, हा प्रश्न होता. न्यू यॉर्कमध्ये फाँग ट्रान, फ्रेड चँग वगैरे मंडळींनी नळ्यांना हिरवं चमकणारं प्रथिन जोडलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली जिवंत पेशीत त्यांचा खेळ पाहिला. २००१ सालची गोष्ट. केंद्रकापासून नळ्या दोन्ही टोकांकडं वाढतात. टोकाला टेकल्या की थोडा वेळ रेटा देतात, मग झरझर विरून जातात. पुन्हा नवी नळी, पुन्हा रेटा. दोन्हीकडून असं चाललं की केंद्रक मध्यावर येतं, आणि केंद्रक असतं तिथंच पुढं पडदा पडतो."

"आपल्या कृष्णेत नावाडी बांबू मारतो तसं की हो. ह्या काठाला रेटा, त्या काठाला रेटा, नाव मधोमध."

"अगदी तसं. फक्त इथं बांबू दर खेपेला नवा."

"आणि आधीचा विरतो कशाला? एकदा बांधलाय तर राहू दे की."

"ते कोडं सोडवलं टिम मिचिसन आणि मार्क कर्शनर यांनी, १९८४ साली. एकाच थेंबातल्या काही नळ्या वाढत असतात आणि त्याच वेळी शेजारच्या कोसळत असतात, हे त्यांनी दाखवलं. सतत बांधायचं, सतत मोडायचं, म्हणून तर पेशीला पाहिजे तेव्हा पाहिजे तिथं नळी उभी करता येते. हा टिम कोणाचा पुतण्या, माहितीय?"

पुतण्या म्हटल्यावर वहिनींनी ताटली खालीच ठेवली.

"एडिंबरोचे मर्डॉक मिचिसन, त्यांचा. हे लांबुळकं यीस्ट पेशी कशी वाढते हे बघायला वापरायचं, ही वाट त्यांनी पाडली. म्हणजे काकानं यीस्ट धरलं, पुतण्यानं नळ्या. मर्डॉकची आई नेओमी मिचिसन, नावाजलेली लेखिका. आणि नेओमीचा सख्खा भाऊ जे. बी. एस. हॉल्डेन."

"हॉल्डेन... ते कलकत्त्याला येऊन राहिलेले?"

"तेच. १९५७ ला इंग्लंड सोडून आले, इथलं नागरिकत्व घेतलं, १९६४ ला भुवनेश्वरला वारले."

"बघा. तुमचं यीस्ट फिरून फिरून आपल्या दारात आलं."

"त्याहून जवळ आलंय ते. मर्डॉककडं १९७० च्या दशकात पॉल नर्स म्हणून एक पोरगा आला. लांबी पुरी व्हायच्या आतच दुभंगणारं बुटकं यीस्ट शोधायचा. दुभंगण्याची घाई करणारी पेशी सापडली, तर दुभंगण्याचा हुकूम कोण देतं ते सापडेल, हा हिशोब. पन्नासेक बुटकी सापडली, पण सगळ्यांत बिघडलेला जीन एकच. तो हुकूम रोखून धरणारा. मग एका शुक्रवारी आणखी एक बुटकं दिसलं, पण त्या बशीत बुरशी शिरलेली. वेगळं काढायला जिकिरीचं, म्हणून बशी कचऱ्यात टाकून गडी घरी गेला. जेवण झाल्यावर मन खायला लागलं. अंधारात, पावसात सायकल मारत चढ चढून परत आला आणि कचऱ्यातून बशी काढली."

"आणि?"

"हुकूम देणारा जीन त्यातच होता. सीडीसी-टू. ह्याच्यावरच त्याला २००१ चं नोबेल मिळालं, लेलंड हार्टवेल आणि टिम हंट यांच्या जोडीनं."

"तर मग! मी म्हणते, कचरा लगेच बाहेर टाकू नये, तर आमच्याकडं ऐकतंय कोण."

"पुढचं ऐका. हा जीन बिघडलेलं यीस्ट नुसतं लांबत जातं, दुभंगत नाही, मरतं. १९८७ ला मेलनी ली आणि नर्स यांनी अशा मरायला टेकलेल्या यीस्टमध्ये माणसाचे जीन सोडले. हजारो. बघू, एखादा लागू पडतो का. एक लागू पडला. यीस्ट तरलं, वाढलं, वसाहत झाली. माणसाच्या जीनवर."

वहिनी काही क्षण गप्प. "म्हणजे माझ्या पेशीला दुभंग म्हणून सांगणारा आणि त्या बिअरच्या यीस्टला सांगणारा एकच?"

"एकच घराण्यातला. शंभर कोटीहून जास्त वर्षांपूर्वी वाटण्या झाल्या, पण घरचा कायदा दोघांकडं तोच राहिला. म्हणून तर कॅन्सरवर काम करणारी माणसं यीस्टशी एवढी खटपट करतात."

"भावकीच म्हणायची. आणि हा नर्स चांगल्या घरचा असेल?"

"घरची परिस्थिती बेताची. लंडनला वाढला. फ्रेंचमध्ये सहा वेळा नापास, आणि तेव्हा परकी भाषा पास झाल्याशिवाय विद्यापीठात घेत नसत. म्हणून गिनेसच्या बिअर कारखान्यात, प्रयोगशाळेत कामाला लागला. पुढं बर्मिंगहॅमनं घेतला म्हणून शिकला. २००२ ला फ्रान्स सरकारनं बोलावून आपला मोठा किताब दिला, फ्रेंच येवो न येवो."

"बरी जिरवली."

"पण खरी भानगड पुढंच आहे. न्यू यॉर्कला रॉकफेलर विद्यापीठाचा अध्यक्ष झाला. नोबेल आहे, राणीनं 'सर' केलाय, तरी ग्रीन कार्डचा अर्ज परत आला. जन्मदाखला त्रोटक, त्यावर आईवडिलांची नावंच नाहीत. त्यानं इंग्लंडहून सविस्तर दाखला मागवला. पाकीट सेक्रेटरीनं उघडलं. आईचं नाव तुम्ही चुकीचं तर सांगितलं नाही ना, म्हणाली."

"का हो?"

"दाखल्यावर आई म्हणून त्याच्या थोरल्या बहिणीचं नाव होतं."

वहिनींनी दोन्ही हात कुंपणावर टेकले.

"ती अठरा वर्षांची, लग्न व्हायचं होतं. १९४९ साल. नॉर्विचला मावशीकडं पाठवली, तिथं बाळंत झाली. तिची आई जाऊन पोर घेऊन आली आणि माझंच म्हणून वाढवलं. म्हणजे ज्यांना तो आईवडील म्हणत होता ते आजी-आजोबा. बहिणीचं लग्न झालं तेव्हा हा अडीच वर्षांचा, लग्नाला हजर होता. पन्नाशी उलटून गेल्यावर त्याला हे कळलं. तोवर आजी, आजोबा, आई, तिघंही गेलेले. आणि माणूस पेशानं आनुवंशिकीवाला!"

"पोर टाकलं नाही हो त्यांनी. नाव लावलं, शिकवलं," वहिनी म्हणाल्या. "पण कमाल आहे. इतकी वर्षं कोणाच्या तोंडून एक अक्षर नाही? आपल्या गल्लीत चहा निवायच्या आत झालं असतं." मग एकदम आवाज खाली आला. "आणि बाप?"

"तो रकाना रिकामाच."

"दाखल्यात बघून काय होतंय?" वहिनींनी मेथीची ताटली उचलली. "नॉर्विचला मावशीच्या शेजारणीला विचारलं का कुणी?"