प्रपोजलभाऊ

महाराष्ट्रात तालुक्याच्या प्रत्येक गावी एक तरी प्रपोजलभाऊ असतोच. त्याचं खरं नाव आधार कार्डावर आणि विश्वस्तांच्या यादीत असतं, बाकी कुठे लागत नाही. वय पंचेचाळिशीच्या आसपास, शिक्षण एमएसडब्ल्यू, अंगात खादीचा झब्बा, खांद्याला शबनम आणि शबनममध्ये अख्खी संस्था. सोसायट्यांच्या 1860च्या कायद्याखालचा नोंदणी दाखला, सार्वजनिक न्यासांच्या 1950च्या कायद्याखालचा दुसरा दाखला, घटना, परिशिष्ट एकचा उतारा, पॅन, 12ए, 80जी, दर्पणचा क्रमांक, सीएसआर-1, तीन वर्षांचे ऑडिट झालेले ताळेबंद आणि एक रद्द केलेला चेक. या संस्थेने आजवर जे चेक फाडले, त्यांत रद्द केलेलेच जास्त निघतील.

एखादा विश्वस्त वारला की भाऊ मनापासून रडतात. पण डोळे पुसता पुसता बोटांवर 90 दिवस मोजतात, कारण तेवढ्या मुदतीत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज गेला पाहिजे. नाहीतर कागदोपत्री ते गृहस्थ विश्वस्तच राहतात आणि मग मुंबईच्या फाउंडेशनमधली बाई विचारते, हे काका एकाही बैठकीला का नसतात?

भाऊंच्या गावाबाहेर एक पाझर तलाव आहे, गाळानं भरलेला. तो गाळ काढणं हे भाऊंचं आयुष्यातलं एकमेव मागणं. पण फाउंडेशनला गाळ नको असतो, विषय हवा असतो, आणि तो विषय दर दोन वर्षांनी बदलतो. म्हणून हा तलाव आधी जलसंधारणात गेला. मग महिला सक्षमीकरणात, कारण डोक्यावरचा हंडा उतरणार. मग शिक्षणात, कारण पाण्याला जाणाऱ्या पोरी शाळेत येणार. मग उपजीविकेत, कारण गाळ शेतात पडणार. सध्या तो हवामान बदलात आहे. तलाव तोच, गाळही तोच. फक्त दर पावसाळ्यात थोडा वाढलेला, त्यामुळे बजेटही वाढलेलं.

हसू नका, यातलं एकही कारण खोटं नाही. पोरी खरंच पाण्याला जातात.

नवख्या संस्थावाल्यांना भाऊ फुकट सल्ला देतात, आणि तो ऐकण्यासारखा असतो. आधी फाउंडेशनची विषयांची यादी बघा, मग जिल्ह्यांची. आपला जिल्हा त्यात नसेल तर पोस्टाचा खर्च वाचवा. पहिल्यांदा दोन पानांची कन्सेप्ट नोट पाठवा. चाळीस पानी प्रपोजल मागितल्याशिवाय पाठवू नका, कोणी वाचत नाही. आकडा मागच्या ताळेबंदाला शोभेल असाच मागा. वर्षाला चार लाखांची उलाढाल करणाऱ्यानं ऐंशी लाख मागितले, की समोरच्याला स्वप्न दिसत नाही, फक्त ऑडिटर दिसतो.

2013 साली नवा कंपनी कायदा आला आणि मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के सामाजिक कामावर (सीएसआर) खर्च करणं बंधनकारक झालं, तेव्हा भाऊंनी पेढे वाटले होते. पुढचं वाचायला त्यांना थोडा वेळ लागला. कंपनीनं बाहेरच्या संस्थेकडून काम करून घ्यायचं तर त्या संस्थेला तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव हवा. म्हणजे काम करायला पैसा हवा, आणि पैसा मिळायला तीन वर्षं बिनपैशाचं काम हवं. परदेशी देणगीची वाट धरावी, तर एफसीआरए नोंदणीसाठी आधीच्या तीन वर्षांत 15 लाख खर्च केलेले दाखवावे लागतात. आणि 2020च्या दुरुस्तीपासून तो पैसा उतरतो दिल्लीत, संसद मार्गावरच्या स्टेट बँकेतल्या खात्यात. भाऊ म्हणतात, "संस्था तालुक्याला, लाभार्थी वाडीवर आणि पासबुक दिल्लीला. मी मध्ये एसटीत."

एका कार्यशाळेत भाऊंना लॉगफ्रेम शिकवली गेली आणि तेव्हापासून माणूस घरातून थोडा गेलाच. उद्दिष्ट, निर्देशक, पडताळणीचं साधन, गृहीतक अशा चार रकान्यांत त्यांचा संसार चालतो. मुलगा म्हणाला, दहावीला नव्वद टक्के पाडतो. भाऊंनी विचारलं, बेसलाइन किती? गणपती मंडळाची पोरं वर्गणीला आली तर भाऊ त्यांच्याकडे आधी मागच्या वर्षीचा हिशेब मागतात, मग आरतीचे जिओ-टॅग असलेले फोटो. पोरं आता त्यांच्या घरावरून जाताना ढोल वाजवत नाहीत. वहिनींनी एकदा शांतपणे विचारलं, "अहो, किराणावाल्याचं थकलंय. आपल्या घराची सस्टेनेबिलिटी कुठल्या रकान्यात?" भाऊंनी उत्तर दिलं नाही. ते गृहीतकांत येतं.

भाऊंचा खरा कस लागतो साइट व्हिजिटला. मुंबईहून पाठीला सॅक लावलेली तरुण मुलगी येते, तिच्या हातात टॅब. भाऊंनी बचत गटाच्या बायांना आधीच पढवून ठेवलेलं असतं: ताई विचारतील तेवढंच बोला. बाया तेवढंच बोलतात. एकच म्हातारी उठते आणि सांगते, "पोरी, गाळ काढा नाहीतर काढू नका. सांडव्याची भिंत फुटलीय, ती आधी बांधा. नाहीतर पाणी राहतंय कुठं?" भाऊ तिला डोळ्यांनी खुणावतात, खोकतात, शेवटी चहा आणायला पिटाळतात. मुलगी मात्र सगळं टिपून घेते. महिन्याभरात फाउंडेशनचं पत्र येतं: सांडव्याच्या दुरुस्तीसह सुधारित अंदाजपत्रक पाठवावे. भाऊंच्या चाळीस पानांत सांडवा हा शब्दच नव्हता. म्हातारीनं लिहिलं असतं, तर प्रपोजल दीड ओळीत संपलं असतं.

सुधारित अंदाजपत्रकाला मात्र भाऊ दोन रात्री बसतात. जेसीबीचे तास, डिझेल, सिमेंट, बायांचं प्रशिक्षण, माहितीफलक (देणगीदाराचा लोगो ठळक). सगळ्यांना जागा होते. राहतो तो अर्ज लिहिणारा. कंपनीचा माणूस फोनवर सांगतो, प्रशासकीय खर्च 5 टक्क्यांच्या वर चालणार नाही, कायदाच आहे. खरं तर नियमातली ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभाराला आहे. संस्थेनं प्रकल्प राबवण्यासाठी केलेला खर्च तिच्यात धरत नाहीत. भाऊंना हे पाठ आहे. पण देणाऱ्याला कायदा शिकवायचा नसतो, हेही त्यांना पाठ आहे. मग ते 'प्रकल्प समन्वयक' ही ओळ काढून टाकतात आणि त्या पैशांत जेसीबीचे तास वाढवतात. हिशेबनीस सुचवतो, तुमचं मानधन प्रशिक्षणाच्या खर्चात दाखवू. भाऊ त्याच्याशी दिवसभर बोलत नाहीत.

एवढा ताठा असूनही 28 मार्चला एखाद्या अनोळखी कंपनीचा फोन आला, की "थोडी रक्कम उरलीय, 31 तारखेच्या आत खर्च करून यूसी, म्हणजे खर्चाचा दाखला, द्याल का?", तर भाऊ "देतो" म्हणून मोकळे होतात. त्यांना कोणी कधी नाही म्हणायला शिकवलेलं नाही. आजवर नाही म्हणायचं काम समोरच्याकडेच होतं.

वाचकांपैकी कोणी एखाद्या फाउंडेशनमध्ये अर्ज वाचायच्या खुर्चीत असाल, तर एवढं करा. अंदाजपत्रकात जेसीबीपासून चहापर्यंत सगळं दिसलं आणि माणसाचा पगार कुठेच दिसला नाही, तर अर्ज मंजूर करण्याआधी फोन लावा आणि ती ओळ घालायला सांगा. भाऊ स्वतःहून सांगणार नाहीत. फोन दुपारी एकनंतर करा. सकाळी ते सांडव्यावर असतात आणि तिथे रेंज नाही.